ऑग्सबर्ग पाहायचं तर पाण्याच्या वाटेने

म्युनिकला मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिने राहायला जाणारे आईवडील आता आपल्या धुळे-जळगाव-नंदुरबारकडेही गल्लोगल्ली सापडतात. त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या शनिवारी डोंगरावरचा तो प्रसिद्ध राजवाडा, दुसऱ्या शनिवारी साल्झबर्ग. तिसऱ्या शनिवारी मुलं दमलेली असतात आणि आपण गॅलरीत बसून समोरच्या झाडावरच्या खारी मोजतो. हे टिपण त्या तिसऱ्या शनिवारसाठी आहे. म्युनिकपासून साठेक किलोमीटरवर ऑग्सबर्ग आहे. मुलं सोबत नसली तरी नवराबायकोने सकाळी जाऊन रात्री परत यावं असं सोपं, आणि पाहणाऱ्याला भरपूर देणारं.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं साक्री-पिंपळनेर पट्ट्यात, पांझरेच्या काठाने गेली. त्यामुळे नवं गाव दिसलं की इथे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हेच मी आधी पाहतो. ऑग्सबर्गात ही खोड कामाला आली. माहितीपत्रकं सगळी टाउन हॉलच्या चौकातून सुरुवात करायला सांगतात. चौक देखणा आहे, प्रश्नच नाही. पण तिथून सुरू केलं की चर्च, पुतळा, बादशहा, तह असं सगळं सुटंसुटं डोक्यात भरतं आणि संध्याकाळपर्यंत सांडून जातं. त्याऐवजी जुन्या काळी पाणी जिथून शहरात शिरायचं तिथून चालायला लागा. पाण्यामागे कापड येतं, कापडामागे पैसा, पैशामागे राजकारण आणि धर्माचं भांडण, आणि सगळ्यात शेवटी यंत्रं आणि बॉम्ब.

निघण्याआधी

सोमवार टाळा, बहुतेक संग्रहालयं बंद असतात. रविवारी संग्रहालयं उघडी, पण दुकानं आणि मंडई बंद. शनिवार उत्तम. ८ ऑगस्टचं मात्र वेगळं आहे. त्या दिवशी फक्त ऑग्सबर्ग शहरात सरकारी सुट्टी असते, बाकी जर्मनीत नाही. म्युनिकची दुकानं उघडी पाहून तुम्ही गाडीत बसाल आणि इकडे उतरल्यावर सगळं बंद दिसेल. तरीही मी म्हणेन की जमलं तर त्याच दिवशी जा. कारण पुढे येईलच.

तिकिटासाठी मुलाला ‘बायर्न-टिकिट’ काढायला सांगा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर साध्या गाड्यांनी बव्हेरियात कुठेही फिरता येतं, ऑग्सबर्गची ट्रामही त्यात येते. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतर चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. तिकिटावर प्रवास करणाऱ्यांची नावं लिहावी लागतात, ती गाडीत चढण्याआधीच लिहून टाका. आयसीई या वेगवान गाडीत हे तिकीट चालत नाही. ती अर्ध्या तासात पोहोचवते, साधी गाडी पाऊण तासाच्या आसपास घेते. निवृत्त माणसाला पंधरा मिनिटं वाचवून करायचंय काय?

पायात रुळलेले बूट हवेत. जुन्या भागात दगडी फरसबंदी आहे, चढउतार आहे. साडी की ड्रेस हा प्रश्न गौण, चपलेचा प्रश्न खरा. खिशात सुटी नाणी ठेवा, सार्वजनिक स्वच्छतागृहांत बहुधा पैसे पडतात. पाण्याची बाटली घरीच नळावर भरून घ्या, नळाचं पाणी पिण्यासारखं असतं. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्यामुळे टिकतात आणि बाकावर बसून हात न भरवता खाता येतात. तिकडचंच काही खायचं असेल तर ‘केसश्पात्सन’ मागा. चीजमध्ये घोळवलेल्या कणकेच्या लहान गोळ्या, वर तळलेला कांदा. शाकाहारी माणसाचं पोट त्याने भरतं, फक्त त्यात अंडं असतं हे ध्यानात ठेवा.

आणि एका कागदावर पाच सालं लिहून घ्या: १३६७, १५२१, १५५५, १६४८, १९४४. त्याखाली दोन रेघा काढा. उजवीकडची लेख नदी, डावीकडची वेर्ताख. दोन्ही दक्षिणेकडून, म्हणजे आल्प्सच्या बाजूने येतात आणि शहराच्या उत्तरेला एक होतात. मधल्या उंचवट्यावर रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी १५च्या सुमारास लष्करी तळ टाकला. ऑगस्टस बादशहाचे सावत्र मुलगे द्रुसस आणि तिबेरियस त्या मोहिमेवर होते, म्हणून गावाला बादशहाचं नाव. पुढे ते रोमन प्रांताची राजधानी झालं आणि इटलीतून आल्प्स ओलांडून येणारा रस्ता इथून जाऊ लागला. रोमन काळाची एवढी तयारी मला पुरेशी वाटते. जमिनीवर दिसणारं त्यातलं फार थोडं उरलंय.

लाल दरवाजापासून

स्टेशनवरून ट्रामने ‘रोटेस टोअर’ला, म्हणजे लाल दरवाजाला जा. तटाच्या आत, दरवाजाला खेटून तीन बुरूज दिसतील. वरवर पाहणाऱ्याला ते पहाऱ्याचे वाटतात. ते पाण्याचे आहेत. पंधराव्या शतकापासून १८७९ पर्यंत शहराचं पिण्याचं पाणी इथून जात होतं. दक्षिणेकडच्या झऱ्यांचं स्वच्छ पाणी खंदकावरच्या पुलावरून आत आणलं जाई. लेख नदीतून काढलेल्या कालव्याच्या पाण्यावर पाणचक्क्या फिरत, त्या चक्क्या पंप चालवत आणि झऱ्याचं पाणी बुरुजाच्या माथ्यावरच्या हौदात चढवत. तिथून ते आपल्या वजनाने लाकडी नळांतून शहरभर उतरे. वीज नाही, वाफ नाही. नदीच नदीकाठच्या लोकांना पाणी उपसून देत होती.

इथे जरा थांबून पुलाचा तो भाग नीट पाहा, कारण या शहराचं खरं डोकं तिथे दिसतं. १५४५ पासून इथे पिण्याचं पाणी आणि वापराचं पाणी काटेकोरपणे वेगळं ठेवलं गेलं. घाण पाण्यातून रोग होतात हे शास्त्राने सिद्ध करायला अजून तीनशे वर्षं होती. झऱ्याचं पाणी नळाला, नदीचं पाणी चक्कीला, रंगाऱ्याला, चांभाराला. याच व्यवस्थेसाठी युनेस्कोने २०१९ मध्ये ऑग्सबर्गला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. बुरूज, कालवे, कारंजी, जुनी जलविद्युत केंद्रं मिळून बावीस ठिकाणं त्यात आहेत.

आपल्याकडच्या माणसाला हे चटकन उमगतं. पांझरा आणि मोसमच्या काठी फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि गावाने नेमलेले पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडणार. कुणी कितीही मोठा बागायतदार असो, पाळी मोडता येत नसे. मला खात्यात असताना नेहमी वाटायचं की बंधारा बांधणं सोपं, पाळी टिकवणं अवघड. ऑग्सबर्गातही दगडी बुरुजांपेक्षा मला त्या शिस्तीचं कौतुक जास्त वाटलं. फरक इतकाच की त्यांनी आपल्या जुन्या व्यवस्थेला वारसा म्हणून मिरवलं आणि आपण आपल्या चाऱ्या बुजू दिल्या.

लाल दरवाजाजवळच एक लांबच लांब जुनी इमारत आहे, आता तिथे उच्चशिक्षणाचं काम चालतं. ती योहान हाइनरिख फॉन श्यूले याची कापड छापण्याची फॅक्टरी, १७७० नंतर बांधलेली. सुती कापडावर ठसे उमटवून छीट बनवायची आणि युरोपभर विकायची हा त्याचा धंदा. छपाईसाठी त्याला पांढरं कापड लागे, आणि ते तो इथल्या विणकरांऐवजी ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांतून आलेलं हिंदुस्थानी घेई, कारण ते तलम आणि स्वस्त. स्थानिक विणकर भडकले, वर्षानुवर्षं खटले आणि तक्रारी चालल्या, आणि १७९४ मध्ये आयात कापडाच्या विरोधात विणकरांचा उठाव झाला. पुढच्या शतकात मँचेस्टरच्या कापडाने आपल्या मागवाल्यांचं काय केलं हे आपण शाळेत शिकतो. त्याआधी आपल्या कापडाने दुसऱ्या गावच्या मागवाल्यांची झोप उडवली होती, हे कुणी शिकवलेलं आठवत नाही.

खालची पेठ

आता उत्तरेकडे उताराने चाला. लेख नदीच्या तीन कालव्यांनी हा भाग चिरलेला आहे आणि रस्त्यांची नावंही त्यांच्यावरूनच: पुढची लेख, मधली लेख, मागची लेख. पाणी घरांच्या भिंतींना घासून वाहतं, दारासमोर दोन पावलांचे पूल. इथे नकाशा खिशात ठेवा आणि पाण्याच्या आवाजाने चाला. हरवलात तरी उतार तुम्हाला बरोबर ठिकाणी नेतो. सोनार, रंगारी, कातडी कमावणारे, गिरणीवाले, ज्यांना वाहतं पाणी लागे ते सगळे इथे राहत. श्रीमंत वर, कष्टकरी खाली.

नाटककार बेर्टोल्ट ब्रेश्टचा जन्म १८९८ मध्ये इथल्याच एका घरात झाला, दोन कालव्यांच्या मधोमध. घरात संग्रहालय आहे. नाटकाची आवड असेल तर आत जा, नसेल तर बाहेरून पाहून पुढे सरका.

थोडं पुढे ‘श्टाटमेत्स्ग’ लागेल, शहराच्या खाटकांची इमारत, १६०९ सालची. शाकाहारी मंडळींनी नाक मुरडू नये, आत मांस विकायला नाही. एलियास होल या वास्तुकाराने ती मुद्दाम कालव्यावर बांधली. खालून वाहणाऱ्या थंड पाण्याने मांस गार राहायचं आणि तेच पाणी घाण वाहून न्यायचं. हा होल लक्षात ठेवा, वरच्या चौकात तो पुन्हा भेटणार आहे.

१३६७: एक विणकर

कागदावरचं पहिलं साल इथे उघडा. १३६७ मध्ये ग्राबेन नावाच्या जवळच्या खेड्यातून हान्स फुग्गर नावाचा विणकर ऑग्सबर्गला आला. त्या काळात इथे ‘बार्खेंट’ कापड जोरात होतं: ताणा तागासारख्या जवसाच्या सुताचा, बाणा कापसाचा. जवस आसपास पिके. कापूस मात्र भूमध्य समुद्राकडून व्हेनिसला येई आणि तिथून आल्प्स ओलांडून इथे. म्हणजे विणकराला व्हेनिसच्या बाजाराशी संबंध ठेवणं भाग होतं. जो विणता विणता कापसाचा व्यापार करू लागला तो पुढे गेला आणि जो फक्त विणत राहिला तो मागावरच राहिला. खान्देशात जिनिंगवाले आणि कापूस पिकवणारे यांच्यात हेच घडलेलं आपण पाहिलंय.

हान्सचा नातू याकोब फुग्गर, १४५९ ते १५२५. कापडातून तो चांदी-तांब्यात गेला, तिरोलची चांदी आणि हंगेरीचं तांबं त्याच्या हातात आलं, आणि मग तो राजांना कर्ज देऊ लागला. १५१९ मध्ये पाचव्या कार्लला जर्मन मुलखाचा बादशहा म्हणून निवडून आणायला मतदार राजांना साडेआठ लाखांच्या आसपास गुल्डन, म्हणजे सोन्याची नाणी, वाटावी लागली. त्यातली पाच लाखांहून जास्त एकट्या फुग्गरची. चार वर्षांनी बादशहा पैसे फेडेना, तेव्हा याकोबने सरळ पत्र लिहून आठवण करून दिली की माझ्या मदतीवाचून तुम्हाला मुकुट मिळाला नसता. बादशहाला असं तगादापत्र लिहिणारा सावकार मी दुसरा ऐकलेला नाही.

आपला संबंधही इथेच येतो. १५०५ मध्ये पोर्तुगीजांचं जे आरमार त्यांच्या पहिल्या व्हाइसरॉयला, आल्मेदाला, घेऊन हिंदुस्थानकडे निघालं, त्यात ऑग्सबर्गच्या वेल्झर, फुग्गर वगैरे घराण्यांचा पैसा होता. मिरीसाठी. १५८७ मध्ये फर्डिनंड क्रोन नावाचा ऑग्सबर्गचा माणूस फुग्गर आणि वेल्झरांचा अडत्या म्हणून इकडे आला, आधी कोचीत आणि मग गोव्यात बरीच वर्षं राहिला. वेल्झरांचं दुसरं खातंही पाहायला हवं. १५२८ मध्ये बादशहाकडून त्यांना व्हेनेझुएलाचा मुलूख मिळाला आणि त्यांच्या माणसांनी आफ्रिकेतून गुलाम नेण्याचा ठेका घेतला. या शहराच्या सुंदर भिंतींत तोही पैसा आहे.

फुग्गेराय: इथे घाई नको

कालव्यांवरून पूर्वेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की फुग्गेराय येते. तिकीट काढून आत जावं लागतं. तिकिटाचे पैसे वसाहतीच्या खर्चालाच जातात, काचकूच करू नका. १५२१ मध्ये याकोबने गरजू लोकांसाठी ही वसाहत कायमची करून दिली. आजही तिथे दीडशेच्या आसपास माणसं राहतात. जगातली चालू असलेली सगळ्यात जुनी अशी वसाहत हीच मानतात. ठरलं तेव्हा वर्षाचं भाडं एक राइनी गुल्डन होतं, आजही तेवढंच घेतात: ८८ सेंट. महिन्याचं नव्हे, वर्षाचं. (वीज आणि गरम पाण्याचं बिल वेगळं, ते ज्याचं त्याने भरायचं.) आमच्या सौभाग्यवतींनी ऐकून दोनदा विचारलं, “वरीसभरनं भाडं इतलंच?” आणि मग लगेच हिशेब करायला बसल्या की देवपुरातल्या आपल्या भाडेकरूंना हे कळता कामा नये.

अटी तीन. माणूस ऑग्सबर्गचा हवा, कॅथलिक हवा, गरजू हवा. आणि रोज तीन प्रार्थना म्हणायच्या, देणगीदार आणि त्याच्या घराण्यासाठी. लोक इथे याकोबच्या दातृत्वावर गहिवरतात. मला त्यात व्यापारीही दिसला. पाचशे वर्षं, दीडशे माणसं, रोज तीन प्रार्थना. एवढ्या लांब मुदतीची ठेव दुसऱ्या कुणी केली नसेल. पण घरं खरी आहेत, दारं खरी आहेत आणि माणसाला मान राखून राहता येतं. ज्याला त्याला आपला वेगळा दरवाजा. खालच्या मजल्याला छोटी बाग, वरच्याला माळा. पाचशे वर्षांपूर्वी गरिबांसाठी बांधताना हे सुचलं, आणि आजच्या घरकुल योजनांत सुचत नाही.

आत काय पाहायचं? आधी दारावरच्या घंटांच्या मुठी पाहा. प्रत्येकीचा आकार निराळा: कुठे पान, कुठे शंकूचं फळ, कुठे नुसता वेढा. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा अंधारात हाताने चाचपून आपलं दार ओळखता यावं म्हणून. मग नमुन्याचं घर पाहा, एक जुन्या पद्धतीचं ठेवलंय. गवंडी फ्रान्स मोत्सार्ट १६८१ पासून इथेच राहून वारला, तो संगीतकार मोत्सार्टचा पणजोबा. रात्री दहाला फाटक बंद होतं आणि उशिरा येणारा रहिवासी पहारेकऱ्याला थोडे पैसे देऊन आत शिरतो. रहिवाशांच्या खिडक्यांतून डोकावू नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका, ती माणसांची घरं आहेत. युद्धकाळातला तळघरातला बंकर शेवटी पाहा. १९४४ च्या बॉम्बफेकीत वसाहतीचा बराच भाग जमीनदोस्त झाला होता, तो पुन्हा बांधला. आजही मोठा खर्च घराण्याच्या जंगलांच्या उत्पन्नातून निघतो.

डबा खायचा असेल तर इथून बाहेर पडून कालव्याच्या काठी खा.

वरचा चौक

आता चढ आहे. सावकाश चढा. “मना पाय दुखी राह्यनात” असं कुणी म्हणालं तर ट्राम घ्या, लाज कसली.

वर आलात की ऑगस्टसचं कारंजं समोर. १५९४ मध्ये, शहर वसल्याचं सोळाशेवं वर्ष गाजवायला उभारलं. सगळे बादशहाच्या पुतळ्याचा फोटो काढतात, आणि तो तर नक्कल आहे, मूळ संग्रहालयात. तुम्ही खाली कठड्यावरच्या चार आकृत्या पाहा. त्या शहराला पाणी देणाऱ्या चार प्रवाहांच्या आहेत: लेख, वेर्ताख, जिंगोल्ड आणि ब्रुनेनबाख. सकाळी पाहिलेल्या बुरुजांचं पाणी इथे येऊन उडत असे. पुढे माक्सिमिलियान रस्त्यावर बुध आणि हर्क्युलिसची आणखी दोन कारंजी आहेत. सावकारांनी आपली श्रीमंती अशी चौकाचौकात उडवली.

टाउन हॉल एलियास होलचा, १६१५ ते १६२० मध्ये बांधलेला. छताच्या टोकावर शंकूच्या आकाराचं पाइनचं फळ दिसेल. रोमन काळापासूनचं हे शहराचं चिन्ह आहे. नातवंडं सोबत असली तर त्यांना दिवसभर ते शोधायला लावा: झाकणांवर, खांबांवर, भिंतींवर ते सगळीकडे आहे. आतला सोनेरी दिवाणखाना चौदा मीटर उंच, छत आणि भिंती सोन्याच्या नक्षीने भरलेल्या. माना दुखेपर्यंत पाहून झाल्यावर आठवा की हे सगळं १९४४ मध्ये जळून गेलं होतं. आज दिसतं ते जुन्या चित्रांवरून आणि फोटोंवरून पुन्हा घडवलेलं, आणि १९८५ मध्ये शहराच्या दोन हजाराव्या वर्षी खुलं केलेलं.

भांडण कसं मिटवलं

चौकातून पाच मिनिटांवर सेंट अ‍ॅना चर्च आहे. बाहेरून साधं. आत जा, कारण इथे एका छपराखाली दोन शत्रू आहेत. याकोब फुग्गरने या चर्चमध्ये आपल्या घराण्याचं दालन बांधलं, जर्मनीतल्या इटालियन धाटणीच्या पहिल्या कामांपैकी एक, आणि १५२५ मध्ये तिथेच त्याला पुरलं. याच जागेला लागून असलेल्या मठात ऑक्टोबर १५१८ मध्ये मार्टिन ल्यूथर उतरला होता, ज्याच्या बंडातून पुढे प्रोटेस्टंट पंथ निघाला तो. पोपचा दूत कायेतान त्याला ‘मत मागे घे’ म्हणून सांगत होता, आणि ती बैठक भरली होती फुग्गरच्या वाड्यात. ल्यूथरने माघार घेतली नाही आणि रात्रीच शहरातून निसटला.

मूळ भांडणातही फुग्गरचा पैसा होता. माइन्त्सचा आर्चबिशप व्हायला आल्ब्रेख्तने रोमला जी रक्कम दिली ती फुग्गरकडून कर्ज काढून. कर्ज फेडायला पापमुक्तीची पत्रं विकायला काढली, निम्मी जमा कर्जफेडीला. त्या विक्रीवर ल्यूथर तुटून पडला. पुढे सेंट अ‍ॅना चर्चच प्रोटेस्टंट झालं. कट्टर कॅथलिक याकोब आजही प्रोटेस्टंटांच्या चर्चमध्ये पडलेला आहे.

१५३० मध्ये प्रोटेस्टंटांनी आपलं मत लेखी मांडलं ते बादशहासमोर याच शहरात. १५५५ चा तह इथलाच: ज्याचं राज्य त्याचा धर्म, आणि ज्याला पटत नाही त्याला मुलूख सोडायची मुभा. आजच्या नजरेला हा न्याय वाटत नाही. पण ऑग्सबर्गसारख्या मुक्त शहरांत दोन्ही पंथ राहत होते, त्यांना दोघांनाही राहू दिलं. तरी पुढे दोन्ही पंथांत तीस वर्षांचं युद्ध पेटलंच. १६२९ च्या ८ ऑगस्टला इथल्या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांना काम करायला बंदी झाली. १६४८ मध्ये शांतता झाली तेव्हा शहराने एक उपाय स्वीकारला, तो मला मोठमोठ्या तत्त्वज्ञानापेक्षा आवडतो: प्रत्येक पद जोडीने. एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट. १८०६ मध्ये शहर बव्हेरियात विलीन होईपर्यंत ही वाटणी चालली. पाण्याची पाळी लावणाऱ्या गावाला सत्तेची पाळी लावणंही जमलं, असं मी मनाशी म्हणतो.

१६५० पासून ८ ऑगस्टला शांततेचा सण होतो, तीच ती सुट्टी. त्या दिवशी टाउन हॉलच्या चौकात लांबलचक टेबलं मांडतात. लोक घरून खायचं आणतात आणि अनोळखी माणसाला वाढतात. आता तिथे मुसलमान, ज्यू, बौद्ध सगळे येतात. आपल्या दशम्या तिथे नक्की खपतील.

याच समझोत्याचं दगडी रूप पाहायचं तर माक्सिमिलियान रस्त्याच्या दक्षिण टोकाला सेंट उलरिख आहे: मोठं कॅथलिक चर्च आणि त्याच्या पोटाशी चिकटलेलं छोटं प्रोटेस्टंट चर्च, दोघांचंही नाव उलरिख. लाल दरवाजापासून ते अगदी जवळ पडतं, म्हणून सकाळीच बाहेरून पाहून ठेवलंत तर बरं.

मुख्य कॅथेड्रल उत्तरेला आहे. वेळ असेल तरच जा, आणि गेलात तर दक्षिणेच्या भिंतीवर उंचावरच्या पाच संदेष्ट्यांच्या रंगीत काचा पाहा, सुमारे ११०० सालच्या. मोत्सार्टच्या वडिलांचं जन्मघर त्याच बाजूला. ते मी सोडून दिलं, संगीतवाल्यांनी सोडू नये.

इंजिन आणि आग

आपल्या विहिरींवरची मोट गेली आणि वीज यायची होती, त्या मधल्या काळात खान्देशचा ऊस आणि केळी डिझेल इंजिनावर जगली. ते इंजिन या गावचं. रुडॉल्फ डिझेलने १८९३ ते १८९७ या काळात ऑग्सबर्गच्या यंत्रशाळेत ते घडवलं. १८९७ च्या चाचणीत इंधनातली सव्वीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामाला लागली, वाफेच्या इंजिनांच्या दुपटीहून जास्त. स्टेशनच्या पलीकडे विटेल्सबाखर बागेत त्याच्या आठवणीचा दगडी कोपरा आहे. लहान डिझेल इंजिनं बनवणाऱ्या यामाओका या जपानी उद्योजकाने १९५७ मध्ये तो भेट दिला. शेतकऱ्याचं पोरगं असाल तर दहा मिनिटं तिथे काढा.

हेच कसब शहराच्या मुळावर आलं. डिझेलची यंत्रशाळा पाणबुड्यांची इंजिनं बनवू लागली आणि मेसरश्मिटचा विमान कारखानाही इथेच. २५ आणि २६ फेब्रुवारी १९४४ ला आधी अमेरिकन आणि मग ब्रिटिश विमानांनी शहर भाजून काढलं. सातशेहून जास्त माणसं मेली. त्या रात्री थंडी उणे अठराच्या आसपास होती. बंबवाल्यांचे नळ आणि होज गोठले. कालव्यांच्या गावात आग विझवायला पाणी मिळालं नाही.

परतताना स्टेशनच्या वाटेवर हाल्डर रस्त्यावरचं सिनेगॉग चुकवू नका, १९१७ साली पूर्ण झालेलं. १९३८ मध्ये नाझींनी ते पेटवलं, पण शेजारी पेट्रोलचा साठा होता म्हणून आग लगेच विझवावी लागली. इमारत वाचली, माणसं वाचली नाहीत. आत ज्यू संग्रहालय आहे. दोन पंथांत पाळी लावणाऱ्या या शहराने १४३८ मध्ये ज्यूंना हाकलून दिलं होतं, हेही तिथे कळतं.

दुसरा दिवस काढता आला तर

कापसाच्या धंद्यातल्या माणसाने ‘टिम’ हे कापड संग्रहालय पाहावं, जुन्या लोकरगिरणीच्या इमारतीत. माग चालवून दाखवतात, आणि छिटांच्या नमुन्यांच्या वह्यांत दहा लाखांहून जास्त नमुने जपलेत. बायकांना तिथून हलवणं कठीण जातं, हा अनुभव.

पाण्याच्या माणसाने होखाब्लासला जावं. लेख नदीवरचा हा बंधारा सगळ्या कालव्यांचं मूळ आहे. १९१० च्या पुराने तो वाहून गेला, पुढच्या दोन वर्षांत पुन्हा बांधला. शेजारीच १८७९ चं पंपघर आहे, ज्यामुळे लाल दरवाजाचे बुरूज निवृत्त झाले. आणि १९७२ च्या ऑलिंपिकसाठी केलेला होड्यांचा कालवाही तिथेच. पंपघर आतून नेहमी उघडं नसतं, मुलाला आधी वेळ पाहून ठेवायला सांगा. शहराच्या मध्यापासून हे अंतर चार-पाच किलोमीटर पडतं. पहिल्याच दिवसात ते कोंबू नका.